हरकत नाही असं धरून

८ जुलै २०२१, गुरुवार

आईला पोचवलं. वसईला पाऊस. दादाने तिकडून व्हिडिओ कॉलवर फोन धरला होता, हात दुखला की खाली जायचा, मग नुसते लोकांचे बूट दिसायचे, चिखलाने भरलेले. चर्चमध्ये मोजकीच माणसं. फादर मास्कमधून बोलत होते, प्रवचन निम्मं कळलं नाही. माती टाकताना नेटवर्क गेलं. परत लागलं तोवर लोक गेटकडे निघाले होते. दादा म्हणाला, "झालं गं." मी म्हटलं, "बरं."

जॉकिमने चहा केला. रिया तिच्या खोलीच्या दारात उभी. "मम, यू ओके?" हो म्हटलं. तिचा क्लास चालू होता, परत गेली.

वसईला जाण्यासाठी इथल्या सरकारकडे केलेला, देशाबाहेर जायच्या परवानगीचा अर्ज अजून 'विचाराधीन' दाखवतोय. मागे घ्यायला हवा.

मध्ये मध्ये फोन वाजत होता. कौन्सिलच्या मेल. म्हणजे कौन्सिलच्या नव्हेत, मेयरने आमच्या खासगी पत्त्यांवर टाकलेल्या. "वॅटल स्ट्रीट हॉल, तुमचं मत?" खाली बाकीच्या नगरसेवकांची उत्तरं, एकावर एक. उघडल्या नाहीत.

९ जुलै

फार्मसीत गेले. पीटर म्हणाला, मार्था, घरी राहा ना. घरी राहून काय करू. लसीसाठी रांग दारापर्यंत. सगळ्यांना एकच विचारायचं, रक्ताच्या गाठी होणार नाहीत ना. मी सांगत होते. माझा आवाज नेहमीसारखाच येत होता.

१० जुलै, शनि.

सुनील येऊन गेला. फाटकाबाहेरच थांबला, डबा भिंतीवर ठेवला आणि मागे सरकला. वहिनींनी पोहे केले होते, वर इंदूरची शेव. आम्ही दोघं एकाच वेळी निवडून आलो, सतरा साली. माझ्या प्रचाराची अर्धी पत्रकं त्याने वाटली होती. अकाउंटंट माणूस, पण कुत्र्यांना न घाबरता प्रत्येक फाटकातून आत जायचा.

म्हणाला, "मार्था, अभी काउन्सिल का कुछ मत देखो. मैं हूँ ना."

पोहे चांगले होते. जॉकिम म्हणतो म्हणून लिहिते. मला चव लागत नाही. टेस्ट केली, निगेटिव्ह.

१३ जुलै, मंगळवार

कौन्सिलची मीटिंग, स्क्रीनवर. सगळे आपापल्या घरातून. मेयरच्या मागे पुस्तकांचं कपाट, सुनीलच्या मागे गणपती. लोकांना बघता यावं म्हणून थेट प्रक्षेपण, ते नियमानेच असतं. कोण बघतं कोण जाणे.

वॅटल स्ट्रीट हॉलचा विषय आला. हॉल बंद करायचा, जागा पाळणाघराच्या कंपनीला लांब मुदतीच्या भाड्याने द्यायची. बेव नावाच्या आजी फोनवरून बोलल्या. नागरिकांना तीन मिनिटं असतात. कागदावरून वाचत होत्या, पान उलटल्याचा आवाज यायचा. मेयरने विचारलं, "कुणाला बेवना काही विचारायचंय?" कुणालाच नाही. चर्चा? नाही. बाजूने कोण? आम्ही सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

बेवचा फोन बंद करायचा राहिला होता. ऐकू आलं, "इज दॅट इट?"

पुढचा विषय, फुटपाथ.

१५ जुलै

बेव फार्मसीत. रक्तदाबाच्या गोळ्या. काचेपलीकडून बघत राहिल्या. मास्क असला तरी मी कोण ते त्यांना माहीत आहे. म्हणाल्या, आई गेल्याचं ऐकलं, आय ॲम सॉरी लव्ह.

अठरा साली आई इथे तीन महिने होती तेव्हा मंगळवारी तिला मी त्या हॉलवर सोडायचे. तिथे म्हाताऱ्या माणसांचं जेवण आणि नंतर हाउसी. आईला इंग्रजी आकडे येत, एवढंच. बेव तिच्या शेजारी बसायच्या. "तुझी आई चीटिंग करायची," त्या म्हणाल्या. "नंबर निघायच्या आधीच खोडायची. मी कुणाला सांगितलं नाही."

मी गोळ्या पिशवीत घातल्या. दिवसातून एक, सकाळी, असं सांगितलं. वीस वर्षं त्या याच गोळ्या घेतायत.

जाताना म्हणाल्या, "त्या दिवशी असं वाटलं, तुमची मीटिंग आधीच झाली होती. मी उशिरा आले."

मी पुढच्याला बोलावलं. मागे रांग होती.

१८ जुलै, रवि.

चर्चचा ऑनलाइन मिस्सा. जॉकिमने लॅपटॉप टीव्हीला जोडला. मध्येच उठून कपडे वाळत घातले.

२५ जुलै

निवडणूक पुन्हा पुढे ढकलली, आता डिसेंबरला. म्हणजे आम्ही सगळे आणखी काही महिने खुर्चीवर. जॉकिम म्हणाला, "तू परत उभी राहणार आहेस का?" माहीत नाही म्हटलं. "मग मेयरला तरी सांग." तेही माहीत नाही.

दादाचा फोन. आईच्या साड्या कुणाला द्यायच्या विचारत होता. दे कुणालाही.

२ ऑगस्ट, सोमवार

हेलनची मेल. हेलन म्हणजे कौन्सिलची अधिकारी, मीटिंगचे नियम, कागदपत्रं सगळं तिच्याकडे. बेवने माहितीच्या कायद्याखाली अर्ज केलाय. वॅटल स्ट्रीट हॉलबद्दल नगरसेवकांनी एकमेकांना लिहिलेलं सगळं हवंय. हेलनने लिहिलंय: खासगी पत्त्यावरच्या मेलही शोधाव्यात. काम कौन्सिलचं असेल तर मेल कुठल्याही पत्त्यावर असो, तो कौन्सिलचा दस्तऐवज. काहीही पुसू नये. 'काहीही' ठळक अक्षरात.

शोधते म्हणून उत्तर दिलं. शोधलं नाही.

३ ऑगस्ट

मेयरचा फोन, मी भात लावत होते. आधी घरचे कसे आहेत वगैरे. मग, "ते हेलनचं बघितलंस? नो ड्रामाज. मित्रांमित्रांतल्या गप्पा आहेत त्या, मार्था. कॉफी पिताना बोलतो तशा. आता कॉफी पिता येत नाही म्हणून लिहिल्या. मी तर माझा इनबॉक्स साफच केला परवा, सहज. तूही करून टाक, हलकं वाटतं."

"हेलनने पुसू नका म्हटलंय."

"हेलन बिचारी नियमाने चालणार. तिचं कामच ते."

मी बघते म्हटलं. भात खाली लागला.

४ ऑगस्ट

उघडल्या. शिफ्टला जायच्या आधी, गाडीत बसून.

पहिली मेयरची, आई गेली त्याच्या आदल्या दिवशीची. 'हे इथेच मिटवू या, म्हणजे मंगळवारी लवकर सुटू. लोकांसमोर वाद नको.' मग एकेकाची उत्तरं. कुणी 'हो', कुणी 'हो, पण पार्किंगचं बघा'. ट्रिशने लिहिलं होतं की हा निर्णय असा मेलवर घेऊ नये, हे चूक आहे. त्यावर कुणी हसरा चेहरा टाकलाय. नंतर ट्रिशनेही 'ठीक आहे'.

मग परत मेयरची, 'मार्था, आईबद्दल ऐकून वाईट वाटलं, आमच्या प्रार्थना तुझ्यासोबत. सातव्या मुद्द्यावर, हॉलबद्दल, तुझं काय?' एकाच ओळीत दोन्ही.

मग सुनीलची. मला सोडून बाकीच्यांना पाठवायची असावी, पण घाईत सगळ्यांना गेली. 'मार्थाचं माझ्यावर सोडा. ती आत्ता काही वाचत नाहीये. मी शनिवारी तिच्याकडे जातोच आहे. ती आपल्यासोबत येईल.'

शेवटची मेयरची. 'मार्थाकडून काही आलं नाही, हरकत नाही असं धरतो. म्हणजे नऊच्या नऊ.'

पीटरने काचेवर टकटक केलं. फार्मसी उघडायची वेळ झाली होती.

५ ऑगस्ट

जॉकिमला वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला.

मी विचारलं, "म्हणजे ते पोहे त्यासाठी होते?"

"पोहे वहिनींनी केले होते. त्यांना कौन्सिलचं काय माहीत?"

"घेऊन तो आला ना."

त्याने चष्मा परत लावला. "दोन्ही असू शकतं, मार्था. माणूस दोन्ही कामांनी येऊ शकतो."

"पण हॉलबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. मैं हूँ ना, एवढंच."

"मग त्याला गरजच पडली नसेल."

हे खरं आहे. माझं मन वळवायला लागलंच नाही. स्क्रीनवर मेयरने हात वर करा म्हटलं आणि मी केला. उद्या कुणी विचारलं की का केलास, तर सगळ्यांनी केला, याखेरीज सांगायला काही नाही.

६ ऑगस्ट

आईला महिना झाला. दादाने तिकडे मिस्सा ठेवला, लिंक पाठवली. रिया येऊन शेजारी बसली, न सांगता. मिस्सा संपल्यावर म्हणाली, "यू हॅवन्ट क्राइड, मम. नॉट वन्स."

"रडायला पाहिजे असं काही आहे का?"

"नो. आय ॲम जस्ट सेइंग."

तिचा हात धरून बसले होते. तिला अभ्यास होता तरी तिने तो काढून घेतला नाही.

७ ऑगस्ट, शनिवार

हेलनला पाठवायच्या आधी सुनीलला सांगावं म्हणून फोन केला. त्याच्या मेल आहेत त्यात. मैत्री आहे. होती, आहे, काय लिहू.

त्याने आधी विचारलं, खाती-पीती हो ना ठीक से. मग मी सांगितलं.

मागे त्याच्या घरात मिक्सर चालू होता.

"तुमने पढ़ लिया."

"हो. पाठवतेय सगळं."

"मेयर ने बोला था ना—"

"बोलला."

"मार्था, ग़लत कुछ नहीं था. हॉल में पानी टपकता है, तुमको भी पता है. मीटिंग में भी यही होता. थोड़ा टाइम बचाया, बस."

"मग मला विचारलं का नाहीस? फाटकावर उभा होतास."

"उस दिन पूछता? तुम्हारी माँ को मिट्टी दिए दो दिन हुए थे. कैसे पूछता?"

"पण सगळ्यांना लिहिलंस की ती आपल्यासोबत येईल."

"हाँ." मग हळू, "पूछता तो क्या बोलतीं?"

माहीत नाही, असं मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

"वही तो," तो म्हणाला. रागाने नाही म्हणाला. थकून.

संध्याकाळी सगळ्या मेल हेलनला पाठवल्या. सगळ्या. प्रार्थनावालीसुद्धा.

१२ ऑगस्ट

नगरसेवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून मला काढलं. तो ग्रुप बागेतल्या झाडांच्या फोटोंचा होता बहुतेक.

हेलनचा फोन. आवाज सपाट ठेवायचा प्रयत्न करत होती. बहुतेकांनी 'काही सापडलं नाही' असं कळवलंय. पूर्ण साखळी फक्त दोघांनी दिली, मी आणि ट्रिश. म्हणाली, "तुला सांगायला नको, पण थँक यू." मग स्वतःच म्हणाली, "खरंच सांगायला नको होतं." ठेवला.

बेवना कागद मिळतील. ट्रिशने दिल्याच होत्या, म्हणजे मी दिल्या नसत्या तरी मिळाल्या असत्या. हे मला आज कळलं. कळून फारसा फरक पडला नाही.

१६ ऑगस्ट

बेव आल्या. लस घ्यायला, दुसरा डोस. मीच दिली. बाही वर करताना म्हणाल्या, "वाचलं मी."

पुढे काय म्हणतील याची वाट बघत होते. सुई टोचली, काढली, कापूस दाबला.

"तू त्यात कुठेच नाहीस," त्या म्हणाल्या. "सगळे तुझ्याबद्दल बोलतायत, तू नाहीस. आमच्या हॉलवर असंच व्हायचं, नवरा गेलेली बाई पहिल्यांदा आली की. सगळ्या तिच्यासाठी चहा मागवायच्या, बिस्किट मागवायच्या. तिला कॉफी हवी असायची."

पंधरा मिनिटं खुर्चीत बसावं लागतं. त्या बसल्या. मी पुढच्या माणसाला घेतलं. त्या निघाल्या तेव्हा मी विचारलं, आता तुम्ही काय करणार? म्हणाल्या, "मी? माझं करून झालं. मत माझ्याकडे नाही, लव्ह. ते तुझ्याकडे आहे."

१९ ऑगस्ट

ट्रिशचा फोन. झालेला ठराव रद्द करायचा प्रस्ताव आणता येतो, तीन नगरसेवकांच्या सह्या लागतात. कंपनीशी करार अजून झालेला नाही, म्हणून वेळ आहे. ती आणि म्हातारा केन तयार आहेत. तिसरी सही माझी हवी.

"तूही 'ठीक आहे' लिहिलं होतंस," मी म्हटलं.

"हो. लाज वाटते." बस, एवढंच म्हणाली. मला ते बरं वाटलं. बरं म्हणजे, कळलं.

सही केली. प्रस्ताव चौदा सप्टेंबरच्या मीटिंगला.

सही केली म्हणून मी हॉल वाचवायच्या बाजूची झाले का? सुनील म्हणतो ते खोटं नाही, छप्पर गळतं, दुरुस्तीला खर्च आहे. कदाचित बंदच करावा लागेल. पण ते नीट ऐकायचंय मला एकदा. कुणीतरी बाजूने बोलावं, कुणीतरी विरुद्ध, बेवना दोन प्रश्न विचारावेत. मग हात वर करायचा की नाही ते बघू.

एवढं सलग बरेच दिवसांत लिहिलं नव्हतं.

२८ ऑगस्ट, शनि.

किराणा. हॅरिस पार्कची देशी दुकानं लॉकडाउनने आखून दिलेल्या हद्दीबाहेर, म्हणून जवळच्याच दुकानात. तिथे सुनीलच्या घरच्या, वंदना वहिनी. दोन रांगा पलीकडे. त्यांनी मला बघितलं आणि डाळींकडे वळल्या. मग परत आल्या. "आप लोगों का जो भी है, मुझे नहीं पता," म्हणाल्या. "ये रात को सोते नहीं हैं. आपने खाना ठीक से शुरू किया?"

हो म्हटलं. चव यायला लागलीय का, ते विचारलं नव्हतं त्यांनी. अजून नाही.

६ सप्टेंबर

मेयरने सगळ्यांना अधिकृत पत्त्यावर मेल टाकली, पहिल्यांदाच. अतिशय सभ्य. 'चौदा तारखेच्या विषयावर आपापसात काही लिहू नये अशी विनंती.' वकिलाने लिहून दिली असावी. ट्रिशने फोन करून वाचून दाखवली, मीही वाचली होती. ती हसत होती. मी ऐकत होते.

तिचा हिशेब: आमचे तिघं, आणि नगरसेवकांतला सगळ्यात तरुण मुलगा बहुधा आमच्याबरोबर. मेयरकडे चार. सुनील कुठे ते कुणालाच माहीत नाही. "तुझा मित्र आहे ना," ट्रिश म्हणाली, "जरा बघ ना."

१३ सप्टेंबर, सोमवार

सुनील आला. मी बोलावलं नव्हतं. जॉकिम कचऱ्याचे डबे रस्त्यावर लावत होता, त्याच्याशी बोलत उभा होता, लाल झाकण की पिवळं यावर. मी बाहेर गेले. जॉकिम आत गेला.

बारीक झालाय. मास्क वर करत म्हणाला, "त्या दिवशी मी माँसाठीच आलो होतो." मराठीत म्हणाला. इंदूरचा, त्याला येतं, माझ्याशी कधी बोलत नाही. "लिहिलं ते चुकलं. आलो ते चुकलं नाही."

"मला कसं कळणार?"

"नाही कळणार," तो म्हणाला. "मलाही आता नीट कळत नाही."

रस्त्यावरून एक बाई कुत्रा घेऊन गेली, तिला आम्ही दोघांनी हात केला. आमचीच मतदार.

मग मी विचारलं, "उद्या तू काय करणार? आमच्या बाजूने, की—"

त्याने माझ्याकडे बघितलं. मास्क असला की माणूस हसतोय की नाही कळत नाही.

"वो तो मीटिंग में बोलूँगा, मार्था."

आणि गेला. गाडीपर्यंत चालत, मागे न बघता.

मी फाटकापाशी उभीच. मी त्याला काय विचारलं, ते मला तो गेल्यावर ऐकू आलं.

१४ सप्टेंबर, मंगळवार

मीटिंग साडेसहाला. जॉकिमने मला खाण्याच्या टेबलावर जागा करून दिली. रिया म्हणाली ती तिच्या खोलीतून लाइव्ह बघणार, "जस्ट टू सी." दादालाही लिंक हवी होती, तिकडे दुपार असेल. कशाला बघतोस म्हटलं. म्हणाला, बघतो, बसून काय करतोय.

बेव फोनवर असणार आहेत. त्यांना विचारायला दोन प्रश्न लिहून ठेवलेत. पहिला, छपराचं गळणं किती वर्षांपासून आहे आणि त्याबद्दल कुणाकुणाला सांगितलं. दुसरा अजून नीट जमत नाही. पाच वेळा खोडला.

सगळे यायला लागलेत. मेयरचं कपाट. ट्रिश. केनचं कपाळ. सुनीलची चौकट आली, काळी, नाव फक्त. मग कॅमेरा लागला. खाली बघतोय, समोर कागद आहेत. एकदा वर बघितलं. कुणाकडे, ते स्क्रीनवर कळत नाही.

हेलन विचारतेय, सगळ्यांना ऐकू येतंय का.

हो म्हटलं. माझा आवाज मलाही ऐकू आला.